देवाविषयी जाणणे आणि देवाला ओळखणे



शिकवणीसाठी नांदेड-लातूरला राहणारी आपली मुले विचारतात, “फादर, तुमचे सत्य तुम्हाला, माझे मला. मग खरे कोणाचे?” अभ्यासक या वृत्तीला उत्तर-आधुनिक म्हणतात. नुसता वाद घालून तिचे समाधान होत नाही.

इव्हँजेलिकल बंधू सांगतात : देव प्रत्यक्ष भेटतो, त्याची साक्ष द्या. पंडिता रमाबाईंनी (१८५८-१९२२) तेच केले. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पण ख्रिस्ती धर्म आधी मिळाला, स्वतः ख्रिस्त काही वर्षांनी, असे त्यांनी पुढे आपल्या साक्षीत नमूद केले.

मात्र नुसता अनुभव सांगितला, तर मुले म्हणतील, “तुमचा अनुभवही तुम्हालाच!” म्हणून रमाबाईंचे पुढचे आयुष्य पाहा. हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी बायबल सोप्या मराठीत आणले. १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातील निराधार मुलींना आश्रय दिला. केडगावचे मुक्ती मिशन उभे राहिले. ख्रिस्त भेटल्यावर त्यांचा अभ्यास वाढला आणि दारही उघडे झाले.

रमाबाई कॅथोलिक नव्हत्या. तरी आपल्यालाही हाच धडा आहे. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९८ च्या ‘फीदेस एत रात्सिओ’ या परिपत्रकात श्रद्धा आणि बुद्धी दोन्ही हव्यात, असेच शिकवले.

चिंतनासाठी : मला येशूविषयी माहिती आहे, की येशूची ओळख आहे? ती ओळख माझ्या शेजाऱ्याला कशात दिसते?