फोटोखालचे नाव आणि मागचे हात

जुन्या फोटोखाली कंपनीचे नाव असते; तो घडविणाऱ्या नोकरांचे सहसा नसते. निजामाच्या आश्रयाने नावारूपास आलेली ‘राजा दीनदयाळ अँड सन्स’ ही पेढी याचे उदाहरण होय. आपला बुलढाणा जिल्हा ज्या वऱ्हाडात मोडतो, तो प्रांतही तेव्हा नावापुरता निजामाचाच होता. पेढीचा स्टुडिओ सिकंदराबादेस होता. १८९६ साली मुंबईसही निघाला.

अशा पेढ्यांत काम वाटलेले असे. एकजण गिऱ्हाइकास बसवी, दुसरा अंधाऱ्या खोलीत काच धुई, तिसरा ‘रिटचिंग’ करी. त्या काळच्या काचांवर तांबडा रंग नीट उमटत नसे; चेहऱ्यावरचे तांबूस डाग काळे येत. रिटचर निगेटिव्हवर बारीक पेन्सिलीने ते भरून काढी. कसोटी येथेच होती. डाग जावेत हे खरे. पण देवीचे वणही गेले, तर घरच्यांनी माणूस ओळखावा कसा?

१८९२ साली या पेढीने हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ काढला. तेथे पुरुषांस मज्जाव. काम एका इंग्रज बाईंकडे होते. म्हणजे ज्या खोलीत मालकासही प्रवेश नाही, तेथील फोटोंचे श्रेयही पेढीच्याच नावावर! फोटोचा अभ्यास करताना हे हातही आपण ध्यानी घ्यावयास हवेत.