एक ग्रंथ, अनेक वाचक

आचोळे आज वसई-विरार शहरात सामावले आहे. जवळच सोपारा, म्हणजे प्राचीन शूर्पारक. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या शिलालेखाचा तुकडा सापडला. सर्वांनी वाचावी म्हणून सम्राटाने आपली आज्ञा दगडावर कोरविली. परंतु ती वाचण्यास शिळेपाशीच जावे लागे.

छापील ग्रंथ घरी नेता येतो. पण महाविद्यालयाच्या ग्रंथालयात महाग ग्रंथाची एकच प्रत असली, तर एकाने नेल्यावर दुसऱ्यास थांबावे लागते. परीक्षा मात्र कोणासाठी थांबत नाही. यात गरीब विद्यार्थ्याचेच अधिक नुकसान होते.

यावर उपाय सहकाराचा. १९९१ साली पुण्याच्या ‘आयुका’ संस्थेच्या छत्राखाली ‘इन्फ्लिबनेट’ प्रकल्पाचा आरंभ झाला. विद्यापीठांची ग्रंथालये परस्परांस जोडणे हा त्याचा हेतू होता. आज त्याचे केंद्र गांधीनगर येथे आहे. या केंद्राच्या सहभागाने २०१० साली महाविद्यालयांसाठी ‘एन-लिस्ट’ योजना सुरू झाली. सर्वांच्या वतीने प्रकाशकांशी एकत्र करार होतो. महाविद्यालय वर्षाची अल्प वर्गणी भरते. विद्यार्थ्यास परवलीचा शब्द मिळतो. मग लाखाहून अधिक ई-ग्रंथांचे भांडार त्याला घरबसल्या खुले होते. एकाच्या वाचनाने दुसऱ्याचे अडत नाही.

या भांडारात भरणा इंग्रजी ग्रंथांचा आहे. मायबोलीतील ज्ञानग्रंथांची उणीव भरून काढणे हे उद्याच्या लेखकांचे काम होय. परवलीचा शब्द मागून घेणे, हे मात्र प्रत्येक विद्यार्थ्याचे आजचे काम आहे. दार उघडले, तरी उंबरठा आपणच ओलांडावा लागतो.