हवेला बाहेरची वाट द्या

२०२३च्या जानेवारीपासून गोव्यातल्या मोपाच्या पठारावर प्रवासी विमानं उतरू लागली आणि आमच्या तुयेतली मुलं इंजिनांविषयी प्रश्न विचारू लागली. जेट इंजिनाची माहिती त्यांना मोबाइलवर मिळते. मी छोट्या पिस्टन इंजिनांचा माणूस, त्यातही मोटर ग्लायडर माझ्या खास जिव्हाळ्याचं. लांब पंखांचं हे विमान स्वतःच्या इंजिनावर वर जातं, मग इंजिन बंद करून वर चढणाऱ्या उष्ण हवेवर तरंगत राहतं. त्याचं इंजिन थंड ठेवताना जे शिकलो, ते या मुलांसाठी लिहून ठेवतो आहे.

१. आधी प्रत्येक सिलिंडर मोजा.
‘इंजिन तापतं’ ही अर्धवट तक्रार आहे. कुठला सिलिंडर तापतो, किती आणि कधी, हे कळल्याशिवाय पान्याला हात लावू नये. बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात सुपर कॉन्स्टेलेशन विमान उभं आहे. त्याच्या राइट आर-३३५० इंजिनात अठरा सिलिंडर दोन रांगांत आहेत. याच जातीच्या इंजिनाने दुसऱ्या महायुद्धात बी-२९ विमानांना फार छळलं, आणि तापायची ती मुख्यतः मागची रांग. चार सिलिंडरच्या इंजिनातही बऱ्याचदा असंच होतं. प्रत्येक सिलिंडर-हेडला वेगळा सेन्सर लावला की दुखणं नेमकं सापडतं.

२. परीक्षा चढणीवर होते.
आंबोली घाट चढणारी भरलेली रिक्षा आठवा. इंजिन पूर्ण जोरात आणि वेग कमी. मोटर ग्लायडर उड्डाणानंतर नेमकं याच अवस्थेत असतं. समोरून येणाऱ्या हवेचा दाब वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलतो. ताशी १८० किलोमीटरला तो पाण्याच्या सुमारे १५६ मिलिमीटर उंचीइतका असतो, ९० किलोमीटरला फक्त ३९. मे महिन्यातल्या उकाड्यात हवा विरळ होते आणि त्यातलेही दोन-तीन मिलिमीटर जातात. एवढ्याशा दाबावर सगळं भागवायचं असतं, म्हणून सपाट उड्डाणातल्या आकड्यांवर समाधान मानू नये.

३. समोरचं भोक मोठं करण्याआधी मागची वाट पाहा.
घराची एकच खिडकी उघडली तर वारा आत येत नाही. समोरची उघडली की घरात हवा खेळती राहते. काउलिंगचं, म्हणजे इंजिनाभोवतीच्या आवरणाचंही तसंच आहे. ३५ अंशांची हवा सिलिंडरवरून जाताना ९५ अंशांपर्यंत तापली, तर ती जवळजवळ एक पंचमांशाने फुगते. त्यामुळे बाहेरची वाट आतल्या वाटेपेक्षा मोठी लागते, आणि ती कमी दाबाच्या जागी उघडावी लागते. खालच्या काउलिंगच्या मागच्या कडेला खाली झुकलेली छोटी पट्टी बसवली की तिच्यामागे दाब उतरतो आणि आतली हवा ओढली जाते. समोरचं तोंड उगाच वाढवलं, तर नको असलेली हवा काउलिंगमध्ये कोंडते आणि फुकटचा अडथळा वाढतो.

४. फटी बुजवा.
हवा नेहमी सोपी वाट धरते. सिलिंडरच्या फिनमधून, म्हणजे त्याच्यावरच्या पातळ पंखांमधून जाणं तिला अवघड, बाजूच्या फटीतून निसटणं सोपं. जुन्या चेतक स्कूटरच्या इंजिनावरचं पत्र्याचं कव्हर ‘पुन्हा कोण बसवणार’ म्हणून काढून टाकणारे गॅरेजवाले सगळ्यांनी पाहिले असतील. पंखा तसाच फिरत राहतो, पण त्याची हवा सिलिंडरला लागत नाही आणि शेवटी पिस्टन जाम होतो. विमानात हवा सिलिंडरकडे वळवण्याचं हे काम बॅफल नावाचे पत्रे करतात. त्यांच्या कडेची सिलिकॉन रबराची पट्टी आतल्या दाबाने काउलिंगला चिकटेल अशाच दिशेने वळलेली हवी. रात्री आत दिवा ठेवावा. जिथून उजेड दिसेल, तिथून हवा पळते.

५. अंदाज नको, पाणी वाचा.
गवंड्याची पारदर्शक लेव्हलची नळी घ्या, इंग्रजी ‘यू’सारखी वळवून तिच्यात रंगीत पाणी भरा. एक टोक सिलिंडरच्या वर, दुसरं खाली. दोन्हीकडच्या पाण्यातला फरक म्हणजे इंजिनाला खरोखर मिळणारा दाब. हे आकडे उड्डाणात सोबत्याने टिपावेत, वैमानिकाने बाहेर लक्ष ठेवावं. एका वेळी एकच बदल करावा. नोंदणीकृत विमानाला हात लावण्याआधी परवानाधारक अभियंत्याची संमती घ्यावी. यात कसलीही सवलत नाही.

६. आपली हवा ओळखा.
आमच्या पेडणे तालुक्यात जांभ्याची लाल धूळ आहे, समुद्राचं मीठ आहे, चार महिने पाऊस आहे. तेलकट फिनवर धूळ बसली की तिचा थर उष्णता धरून ठेवतो. विमान काही दिवस उभं राहिलं तर कुंभारीण माशी हवेच्या तोंडात मातीचं घर बांधते. उड्डाणाआधी टॉर्च लावून आत पाहायलाच हवं.

७. थंड करण्यातही घाई नको.
एनसीसीच्या हवाई तुकड्या पिपिस्ट्रेल कंपनीचं व्हायरस एसडब्ल्यू विमान उडवतात. ही जात याच कंपनीच्या सायनस मोटर ग्लायडरपासून आली. त्यातल्या रोटॅक्स ९१२ इंजिनात हेड पाण्याने थंड होतात, सिलिंडर हवेने. पूर्ण जोर देण्याआधी तेल किमान ५० अंशांपर्यंत तापू द्यावं लागतं. हवेत इंजिन बंद करण्याआधीही त्याला काही मिनिटं कमी जोरावर चालवून निवू द्यावं. जमिनीवर उतरल्यावर विमान वाऱ्याकडे तोंड करून उभं करावं, कारण बंद इंजिनातली उष्णता वर चढते आणि इंधनाच्या नळ्यांत वाफ धरते.

मुलांनो, मोठा रेडिएटर किंवा महागडा पंखा मागण्याआधी हवा कुठून येते, कशाला स्पर्श करते आणि कुठून जाते, हे कागदावर काढा. हे चित्र नीट काढता आलं, तर पुढचं निम्मं काम साध्या पत्र्याने आणि रबराच्या पट्टीने होतं. रिक्षा असो, पाण्याचा पंप असो की विमान, या सवयीने इंजिन वाचतं आणि त्यावर विश्वासलेला माणूसही.