समुद्रावरील ऊन आणि देहाची राखण
(मंडळीच्या अभ्यासवर्गासाठीं धडा)

शास्त्रवाचन : २ राजे ४:१८–३७, योना ४:५–८, अनुवाद २२:८.

रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यांत हर्णे हें बंदर आहे. समोर समुद्रांत सुवर्णदुर्ग, किनाऱ्यावर कनकदुर्ग, फत्तेगड व गोवा हे किल्ले, आणि पुळणीवर मासळीचा लिलाव, अशी त्या गांवाची ओळख आहे. आपल्या मंडळीच्या इतिहासांतही हर्णेचें नांव आहे. कारण एकोणिसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत स्कॉटिश मिशनरी बाणकोट व हर्णे येथें राहून शाळा चालवीत असत. परंतु आज आम्ही वाचकांचें लक्ष त्या गांवाकडे वेधितों तें इतिहासासाठीं नव्हे, तर तेथील मच्छीमार बंधूंच्या डोक्यावर दिवसभर तळपणाऱ्या उन्हासाठीं. आमचे बहुतेक वाचक घाटावरचे शेतकरी व मजूर आहेत. त्यांनीं हा विषय परका समजूं नये. उसाच्या फडांत व कांद्याच्या वाफ्यांत जें ऊन पडतें तेंच समुद्रावर पडतें. फरक इतकाच कीं शेताच्या बांधावर एखादें तरी झाड असतें. होडीवर तें नसतें.

१. ऊन काय करितें

सूर्यापासून आपणांस प्रकाश व उष्णता मिळते, आणि त्यांबरोबर अतिनील नांवाचे अदृश्य किरणही येतात. उष्णता अंगास कळते. हे किरण कळत नाहींत. समुद्रावर गार वारा सुटला म्हणजे खलाशास वाटतें कीं आज ऊन सौम्य आहे. परंतु वारा उष्णता नेतो, किरण नेत नाहीं. पातळ ढगांतूनही ते पुष्कळसे खालीं येतात. शिवाय खालून उलटून येणारे किरण निराळेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या सांगण्याप्रमाणें समुद्राचा फेंस सुमारें शेंकडा २५, आणि कोरडी वाळू सुमारें शेंकडा १५ किरण परत फेंकिते. म्हणून डोक्यावर टोपी असली तरी ओठ, हनुवटी व डोळे ह्यांस मार बसतोच. आणि पुळणीवर मासळी वाळत घालणाऱ्या भगिनींसही तो चुकत नाहीं.

हर्णे विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारें १७.८ अंशांवर आहे. त्यामुळें मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यांत व पुन्हां ऑगस्टच्या आरंभीं, असा वर्षांतून दोन वेळां सूर्य तेथें दुपारीं अगदीं माथ्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली क्षणभर नाहींशी होते. ऑगस्टांत आकाश बहुधा पावसाच्या ढगांनीं झांकलेलें असतें. मे महिन्यांत तें मोकळें असतें, आणि पावसाळी बंदीपूर्वीच्या शेवटच्या फेऱ्या त्याच दिवसांत होतात. घड्याळ जवळ नसलें तरी एक खूण सर्वांस वापरितां येईल : आपली सावली आपल्या उंचीहून आंखूड झाली, म्हणजे ऊन घातक झालें असें समजावें.

२. देहाची हानि

पहिली हानि डोळ्यांची. अमेरिकेंतील मेरिलंड प्रांतीं चेसापीक उपसागरांत काम करणाऱ्या ८३८ मच्छीमारांचे डोळे डॉ. ह्यू टेलर व त्यांचे सोबती ह्यांनीं तपासले, आणि १९८८ सालीं आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. ज्याच्या डोळ्यांवर आयुष्यांत ह्या किरणांचा मारा दुप्पट झाला होता, त्यास एका प्रकारच्या मोतीबिंदूचा धोका सुमारें १.६ पट होता. पांढऱ्या बुबुळावरून काळ्या बुबुळाकडे सरकत जाणारा मांसाचा पडदाही उन्हांत व खाऱ्या वाऱ्यांत राबणाऱ्यांस अधिक होतो.

दुसरी हानि त्वचेची व ओठांची. खलाशांच्या उघड्या त्वचेवर होणाऱ्या रोगाचें वर्णन जर्मन वैद्य पाउल उन्ना ह्यांनीं १८९४ सालींच केलें होतें. आणि न्यूफाउंडलंड बेटावरील मच्छीमारांत ओठाचा कर्करोग अधिक आढळतो असें १९७५ सालीं दाखविण्यांत आलें. आपली त्वचा सावळी आहे. ही देवाची देणगीच आहे, कारण तिच्यामुळें त्वचेच्या कर्करोगापासून आपलें पुष्कळ रक्षण होतें. परंतु डोळ्यांस व ओठांस ती पुरेशी ढाल नव्हे, आणि उष्माघातापुढें तर तिचा कांहींच उपयोग नाहीं. ओठांत तंबाखू धरणारा मनुष्य एका शत्रूस दुसरा शत्रू जोडून देतो, हेंही येथें सांगितलें पाहिजे.

तिसरी व सर्वांत शीघ्र हानि उष्माघाताची. प्रथम डोकें दुखतें, पायांस पेटके येतात, मळमळतें. त्या वेळीं मनुष्य सावलींत बसला व पाणी प्याला तर बहुधा सावरतो. तो तसाच राबत राहिला, तर अंगाचा ताप ४० अंश सेल्सिअसच्या वर जातो, बोलणें असंबद्ध होतें, शुद्ध हरपते, आणि तासाभरांतही प्राणावर बेततें.

३. शास्त्र काय शिकवितें

शूनेम गांवच्या त्या मुलाची गोष्ट पाहा. तो कापणीच्या शेतांत बापाजवळ गेला, डोकें दुखतें म्हणून ओरडला, आणि दुपारपर्यंत आईच्या मांडीवर मरण पावला. त्यास ऊन लागलें असावें असें पुष्कळ टीकाकार मानितात. बापानें त्यास घरीं पोंचविण्यास चाकरास सांगितलें. दुखणें किती मोठें आहे हें त्यास कळलें नसावें. पुढें अलीशा संदेष्ट्याच्या प्रार्थनेनें तो मुलगा जिवंत झाला. आपल्या होडीवर अलीशा नाहीं. परंतु डोकें दुखतें हा शब्द ऐकतांच काम थांबविणें आपल्या हातीं आहे.

येथें कोणी भाविक म्हणेल, स्तोत्र १२१ यांत दिवसा उन्हाची बाधा होणार नाहीं असें अभिवचन आहे, मग टोपीची काय गरज? ह्या प्रश्नास हंसूं नये. तो श्रद्धेनें विचारलेला आहे. त्याचें उत्तर योनाच्या गोष्टींत सांपडतें. योनानें आधीं स्वतःसाठीं मांडव केला, आणि त्यावर देवानें वेल वाढवून अधिक सावली दिली. मनुष्याचा मांडव व देवाची वेल ह्यांत विरोध नव्हता. वेल सुकली आणि ऊन डोक्यास लागलें, तेव्हां संदेष्टाही मूर्च्छित होऊं लागला. संदेष्टेपणामुळें त्याचें डोकें निराळें झालें नव्हतें. मंदिराच्या शिखरावरून उडी टाकण्याचा मोह प्रभूनें ज्या कारणास्तव नाकारिला, त्याच कारणास्तव भर दुपारीं उघड्या डोक्यानें राबून देवावर भार टाकणें ही श्रद्धा नव्हे.

दुसरा कोणी म्हणेल, आमचे वाडवडील असेच राबले. होय, राबले, परंतु त्यांच्या होडीस शीड होतें आणि शिडाची सावली होती. इंजिन आलें, शीड गेलें; फेरीही लांबली. शिवाय त्या वाडवडिलांपैकीं कितीजण म्हातारपणीं आंधळे होऊन ओटीवर बसले, हें त्यांच्या सुनांस विचारावें.

४. उपाय

(अ) काम शक्य तितकें पहांटे व सायंकाळीं करावें. सकाळीं १० पासून दुपारीं ४ पर्यंत जाळें विणणें, मासळी निवडणें वगैरे कामें आडोशास करावींत.

(आ) टोपीस चोहोंकडून चार बोटें रुंद कांठ असावा व ती हनुवटीखालीं नाडीनें बांधावी. नुसत्या पुढच्या झांपेच्या टोपीनें कान व मान उघडीं राहतात. ती असल्यास मानेवर फडकें सोडावें. सदरा लांब बाह्यांचा, घट्ट विणीचा व सैल असावा. पातळ पांढरा सदरा भिजला म्हणजे त्यांतून किरण अधिक आंत जातात.

(इ) काळा चष्मा घेतांना तो अतिनील किरण अडवितो कीं नाहीं हें विचारून घ्यावें. नुसत्या रंगीत कांचेनें डोळ्याची बाहुली मोठी होते व किरण उलट अधिक शिरतात.

(ई) ऊन अडविणारें मलम, ज्यावर एस.पी.एफ. ३० किंवा अधिक लिहिलेलें असतें, तें मिळाल्यास तोंड, ओठ, कान व मान ह्यांस लावावें, आणि दर दोन तासांनीं पुन्हां लावावें. खोबरेल तेलानें त्वचा मऊ राहते. त्यानें ऊन अडत नाहीं.

(उ) तहान लागण्याची वाट न पाहतां पाणी प्यावें. मिठाची पेज किंवा ताक उत्तम. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यांत सहा सपाट चहाचे चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घातल्यास औषधी पाणी होतें. समुद्राचें पाणी कधींही पिऊं नये. त्याच्या एका लिटरांत सुमारें ३५ ग्रॅम क्षार असतात, व ते बाहेर टाकण्यास देहांतलें पाणी खर्ची पडतें. दारूनेंही अंगांतलें पाणी जातें.

(ऊ) पावसाळ्यांत लेप्टोच्या तापासाठीं डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या दिल्या जातात. त्या घेणाऱ्याची त्वचा उन्हानें लवकर भाजते. गोळी सोडूं नये, अंग झांकावें.

(ए) कोणास उष्माघात झाल्यास त्यास आडोशास निजवावें, कपडे सैल करावे, अंगावर पाणी ओतून वारा घालावा. मासळीसाठीं आणलेला बर्फ फडक्यांत गुंडाळून मानेस, कांखेंत व जांघेंत ठेवावा. बेशुद्ध मनुष्याच्या तोंडांत पाणी घालूं नये. समुद्रांतून तटरक्षक दलास १५५४ व किनाऱ्यावर रुग्णवाहिकेस १०८ ह्या क्रमांकावर कळवावें.

५. धन्याचें कर्तव्य

अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायांत नवें घर बांधणारास गच्चीस कठडा करण्याची आज्ञा आहे, आणि तिचें कारणही दिलेलें आहे. कोणी खालीं पडून मेला तर त्या रक्ताचा दोष घरावर येऊं नये. पडणारा बेसावध होता, ही सबब तेथें मान्य नाहीं. ही आज्ञा आपल्या होडीस लावून पाहा. सुकाणू धरणाऱ्या तांडेलास केबिनची सावली मिळते. जाळें ओढणारा खलाशी उघड्यावर असतो. कोंकणच्या बोटींवर नेपाळ व उत्तर भारत येथून आलेले पुष्कळ तरुण राबतात. त्यांची आई दूर आहे; शूनेमच्या मुलासारखी मांडी त्यांस मिळणार नाहीं. एका फेरीच्या डिझेलापुढें ताडपत्रीची किंमत ती काय! ती ताडपत्री म्हणजेच होडीचा कठडा होय. शेताच्या मालकास बांधावरची झोंपडी, मुकादमास पाण्याचा हंडा व दुपारची सुट्टी, हेच कठडे आहेत. जो धनी मजुरास सावली न देतां देवळांत देवाच्या पंखांची सावली मागतो, त्यानें आपली प्रार्थना पुन्हां एकदां तपासून पाहावी.

विचारासाठीं प्रश्न

(१) योनाचा मांडव व देवाची वेल ह्यांवरून श्रद्धा व उपाय ह्यांचा संबंध कसा दिसतो?
(२) आपल्या गांवीं दुपारच्या उन्हांत कोण राबतो, व त्याचा धनी कोण?
(३) त्याच्यासाठीं कोणता कठडा ह्याच आठवड्यांत बांधितां येईल?

प्रार्थनेचा विषय : समुद्रावर व शेतांत राबणारे सर्व, आणि ज्यांच्या हातीं त्यांची सावली आहे ते.