भिंतीला चुना, जाईला पाणी

उंब्रजला पावसाळा सरला, की भिंतींवर शेवाळ दिसते. दिवाळीआधी आपण चुना देतो. एका वर्षी आम्ही बादलीतले उरलेले चुन्याचे पाणी भिंतीलगतच ओतले. जाईची पाने पिवळी पडली. पुढे वेलच वाळला. घरातली म्हातारी आठ दिवस बोलली नाही!

चुना दाहक. त्याने पाने करपतात. मातीत फार मुरला, की मुळांना लोह मिळत नाही.

आता आम्ही आधी झाडाला नि मातीला भरपूर पाणी घालतो. वेल भिंतीवरून सोडवतो, ओल्या गोणपाटाने झाकतो. शेवाळ काथ्याने, नुसत्या पाण्याने घासतो. त्याला सोडा कशाला? पानांवर शिंतोडा उडालाच, तर लगेच धुवावा. काम होताच गोणपाट काढावे. उरलेला चुना पाण्याखाली झाकून ठेवावा. गोठ्याच्या भिंतीला होतो.