खोलीचा आवाज

घरातील लहानशा खोलीत संगणक, मायक्रोफोन आणि दोन स्पीकर मांडून ध्वनिमुद्रण करणारे कलावंत आज गावोगावी आढळतात. त्यांच्यापैकी पुष्कळांना एक विचित्र अनुभव येतो. खोलीत ऐकताना नीटस वाटलेले गाणे दुसऱ्याच्या घरी वाजवले, की खर्जाचे स्वर अवाजवी घुमतात आणि शब्द त्याखाली दबून जातात. दोष बहुधा स्पीकरच्या माथी मारला जातो. मग अधिक महागडे स्पीकर येतात. घुमणे मात्र संपत नाही.

श्रोत्याच्या कानी स्पीकरचा आवाज एकटा येत नाही. भिंती, छत आणि जमीन यांवरून परतलेला आवाजही त्यात मिसळतो. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाचे एक व्याख्यानगृह १८९५ मध्ये याच कारणाने निरुपयोगी ठरले होते. तेथे उच्चारलेला शब्द सुमारे साडेपाच सेकंद रेंगाळे. वॉलेस सॅबाइन या तरुण पदार्थवैज्ञानिकाने जवळच्या नाट्यगृहातील आसनांच्या गाद्या रात्री तेथे आणून मांडल्या, निनाद किती घटतो हे मोजले आणि सकाळपूर्वी त्या परत पोहोचवल्या. या खटाटोपातूनच वास्तुध्वनिशास्त्राचा पाया घातला गेला.

लहान खोलीची अडचण थोडी निराळी असते. आवाज सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो. म्हणून ५७ हर्ट्झच्या स्वराची तरंगलांबी सुमारे ६ मीटर भरते. समोरासमोरच्या दोन भिंतींत ३ मीटर अंतर असेल, तर त्यांच्यामध्ये या तरंगाचा नेमका अर्धा भाग मावतो. परिणामी तो स्वर भिंतींलगत फुगतो आणि मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. मधोमध बसलेल्या कलावंताला खर्ज कमी वाटतो, तो खर्ज वाढवतो आणि गाणे बिघडते. कान तयार असूनही तो फसतो, कारण त्याला खोलीच खोटे सांगत असते.

यावर भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवण्याची हौस अनेकांना असते. तिचा उपयोग जवळजवळ शून्य. पातळ फोम केवळ वरचे स्वर शोषतो, त्यामुळे खोली निस्तेज होते आणि खर्ज तसाच राहतो. खर्जासाठी जाडीच हवी. कापडात गुंडाळलेले रॉकवूलचे १० ते १५ सेंटिमीटर जाड फलक खोलीच्या कोपऱ्यांत उभे केल्यास फरक स्पष्ट जाणवतो. बाजूच्या भिंतींसाठी आरसा कामी येतो. श्रोत्याने आपल्या जागी बसावे, दुसऱ्याने भिंतीवरून आरसा सरकवावा. त्यात स्पीकर दिसेल तेथे फलक लावावा. पैसे नसल्यास कापसाची जाड गादीही काही प्रमाणात चालते.

दोन्ही स्पीकर व श्रोत्याचे डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा, वरच्या स्वरांचा लहान स्पीकर कानाच्या उंचीवर असावा आणि डाव्या-उजव्या भिंती सारख्या अंतरावर असाव्यात. बसण्याची जागा मात्र मोजपट्टीवर सोडू नये. खर्जाचा एक स्वर सतत वाजवून खुर्ची पुढे-मागे सरकवावी आणि तो फुगत किंवा हरवत नाही तेथे ठेवावी.

हे फलक शेजाऱ्यांकडे जाणारा आवाज थांबवत नाहीत. त्यासाठी जड भिंती आणि दारा-खिडक्यांच्या बुजवलेल्या फटी लागतात. भाड्याच्या घरात रात्री हेडफोनच बरा.