सहा किलो कशाचे उतरले?

नागपूर

चि. भाच्यास,

महिन्यात सहा किलो उतरवलेस म्हणून दिवाळीत अहिवाऱ्याला ताईच्या घरी तुझं कौतुक चाललं होतं. त्याच दुपारी भरलेलं सिलिंडर आत आणताना तू ते दारातच दोनदा टेकवलंस. मागच्या वर्षी खांद्यावर घेऊन आला होतास. एकच वेळ जेवण आणि जवळच्या नंदिनी खाणीपर्यंत पळणं, एवढ्यावर उतरलेल्या वजनात चरबी किती नि स्नायू किती, हे काटा सांगत नाही.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये चक्क स्वतःचाच फोटो छापला. दोघांचाही बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२! पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांतही याज्ञिकांना तेच आढळलं: इंग्लंडच्या बाळांपेक्षा वजन कमी, स्नायू कमी, चरबी मात्र त्या मानाने टिकून. आपल्याकडे स्नायूंची शिल्लक मुळातच बेताची, आणि तू तीच मोडून खातो आहेस.

ती वाचवता येते. कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाने ४० तरुणांना चार आठवडे गरजेपेक्षा ४० टक्के कमी उष्मांकांवर ठेवलं आणि आठवड्याचे सहा दिवस घाम गाळायला लावला, वजनंही उचलायला लावली. निकाल २०१६ साली छापून आला. वजनाच्या दर किलोमागे रोज १.२ ग्रॅम प्रथिनं खाणाऱ्यांची चरबी ३.५ किलो गेली, बाकीचं शरीर होतं तेवढंच राहिलं. २.४ ग्रॅम खाणाऱ्यांची ४.८ किलो चरबी गेली आणि चरबीवेगळं वजन उलट १.२ किलोने वाढलं. पोटाला चिमटा दोन्ही गटांना सारखाच होता.

तुला २.४ची गरज नाही, दीडेक पुरे. प्रथिनांच्या पावडरीचे डबे विकत आणू नकोस. ताईच्या तांदळाच्या चील्याबरोबर दोन अंडी, म्हणजे बारा ग्रॅम. सोया बडी सुकी पन्नास ग्रॅम घेतलीस तर पंचवीसेक. दही, पनीर, भिजवलेले चणे आहेतच, आणि वरण पातळ नको. मूत्रपिंडाचं काही दुखणं असेल तर मात्र आधी डॉक्टर.

पळणं सोडू नकोस, पण तीन दिवस बैठका, जोर आणि ओझं उचलणं हवंच. आठवड्याला अर्धा किलो उतरलं तरी खूप. दर रविवारी वजनासोबत कमरेचं माप आणि बैठकांचा आकडा वहीत लिही, आणि महिन्याने मला कळव.

तुझा,
मामा